कुकीला आवर घालायचा तो ब्राउझरमध्येच

ऑनलाइन खासगीपणा जपण्याची सगळी भिस्त आज कुकीची परवानगी मागणाऱ्या एका पट्टीवर ठेवली गेली आहे. संकेतस्थळ उघडले की ती खालून वर येते. ‘सर्व स्वीकारा’ हे बटण ठसठशीत, नकाराची वाट मात्र दोन-तीन पडद्यांआड. दिवसातून कितीतरी वेळा हा प्रश्न पुढ्यात आला की माणूस मजकूर वाचेनासा होतो आणि समोर दिसेल ते बटण दाबून मोकळा होतो. त्याला निष्काळजी ठरवणे अन्यायाचे आहे, कारण प्रश्नच चुकीच्या ठिकाणी आणि चुकीच्या वेळी विचारला जातो. कुकीबाबतचा निर्णय ब्राउझरच्या सेटिंगमध्ये, एकदाच आणि सावकाश घ्यायचा असतो. ब्राउझर हाती पडतो तेव्हा त्यात जे आधीच ठरवून दिलेले असते, त्यावरच बहुतेकांचा खासगीपणा अवलंबून राहतो.

कुकी मुळात उपयोगाचीच. वेब सर्व्हरला प्रत्येक विनंती नवी वाटते. आधीच्या पानावर कोण होते, हे त्याला आपोआप कळत नाही. त्यावर नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी 1994 मध्ये तोड काढली: सर्व्हरने ब्राउझरकडे एक छोटी नोंद ठेवायची आणि ब्राउझरने ती पुढच्या विनंतीसोबत परत पाठवायची. लॉगिन टिकते, खरेदीची टोपली रिकामी होत नाही, ती याच्याच जोरावर. अडचण तृतीय पक्षाच्या कुकीची आहे. समजा, सकाळी कुणी आरोग्याच्या पानावर थायरॉइडबद्दल वाचले. कडेची जाहिरात येते तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून, आणि येताना स्वतःची कुकी ठेवून जाते. तिच्यात कुकीचे स्वतःचे नाव असते, अक्षरे-आकड्यांची एक लांबलचक ओळख असते, डोमेन असते आणि मुदत संपण्याची तारीख असते. दुपारी तोच वाचक गृहकर्जाचे पान उघडतो. तिथेही त्याच कंपनीची जाहिरात असेल, तर ब्राउझर तीच ओळख तिच्याकडे पाठवतो. नाव-पत्ता न विचारताही आजार आणि कर्ज एकाच खात्यावर जमा होतात.

हा धोका सुरुवातीलाच ओळखला गेला होता. इंटरनेटची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या मंडळाने फेब्रुवारी 1997 मध्ये कुकीविषयीचा दस्तऐवज काढला; त्याच्या दोन लेखकांपैकी एक माँटुलीच होते. तृतीय पक्षाच्या कुकी ब्राउझरने घेऊ नयेत, पर्याय दिलाच तर तो मुळात बंद असावा, असे त्यात स्पष्ट सांगितले होते. त्या काळच्या दोन्ही मोठ्या ब्राउझरनी, नेटस्केपने आणि इंटरनेट एक्स्प्लोररने, ते पाळले नाही. मोकळ्या राहिलेल्या या दारातून जाहिरातींचा मोठा धंदा उभा राहिला. त्यातल्या डबलक्लिक या कंपनीसाठी गुगलने 3.1 अब्ज डॉलर मोजले. पुढे ॲपलच्या सफारीने मार्च 2020 मध्ये तृतीय पक्षाच्या कुकी सरसकट अडवल्या. फायरफॉक्सने 2022 मध्ये प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या कप्प्यात ठेवण्याची व्यवस्था मूळ सेटिंगमध्येच आणली. क्रोमने मात्र 2020 मध्ये दिलेले तृतीय पक्षाच्या कुकी बंद करण्याचे आश्वासन तीनदा पुढे ढकलले आणि शेवटी सोडून दिले.

यावर पहिला आक्षेप असा की, कुकी अडवल्या तर फुकट मिळणारा मजकूर जगणार कसा? आक्षेप रास्त आहे. पाळत ठेवणाऱ्या जाहिरातीला दर जास्त मिळत असेल, तर काही प्रकाशकांना झळ लागेलही. पण जाहिरात आणि पाळत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. का. र. मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा जाहिरातींच्या आधाराने चालत आली आहे, आणि अंकातील कोणते पान कुणी किती वेळ वाचले, हे एकाही जाहिरातदाराला कळत नाही. मजकुराला साजेशी जाहिरात वेबवरही देता येते. ‘माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही’ हा दुसरा आक्षेप. आजार, कर्ज, नोकरीचा शोध यांत लाजिरवाणे काहीच नाही. तरीही ते कुणाला सांगायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2017 च्या पुट्टस्वामी निकालात खासगीपणाला मूलभूत हक्क मानले, ते उगाच नव्हे.

तिसरा आक्षेप तांत्रिक आहे: कुकी अडवली तरी स्क्रीनचा आकार, फॉन्ट, टाइम झोन अशा खुणा जुळवून ब्राउझर ओळखता येतो. हे खरे आहे. लॉगिन केलेल्या खात्यावर काय पाहिले, हेही त्या कंपनीला कळतच राहते. पण खुणांवरून ओळखणे म्हणजे अंदाज बांधणे. कुकी मात्र थेट ओळखपत्र दाखवते. दुसरी वाट उघडी आहे म्हणून पहिली बंद करू नये, असे होत नाही.

करायचे ते थोडके आहे. क्रोमच्या सेटिंगमध्ये गोपनीयता आणि सुरक्षा या भागात जाऊन तृतीय पक्षाच्या कुकी ब्लॉक कराव्यात. आयफोनवर सफारीच्या सेटिंगमध्ये ‘प्रिव्हेंट क्रॉस-साइट ट्रॅकिंग’ सुरू आहे ना, हे पाहावे. नंतर साठलेल्या जुन्या कुकी एकदा पुसाव्यात. त्याने सगळीकडे पुन्हा लॉगिन करावे लागेल, म्हणून पासवर्ड हाताशी असू द्यावेत. एखाद्या संकेतस्थळाचे काम अडलेच, तर तेवढ्यापुरती सूट देता येते.

भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल आणि संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असावे लागेल. मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायलाही त्यात मनाई आहे. या तरतुदी मोलाच्या आहेत. पण त्यांतून केवळ मराठी पट्ट्या वाढल्या, तर थकलेला वाचक मराठीतले ठळक बटण दाबेल, एवढेच. ब्राउझरमध्ये एकदा दिलेला नकार प्रत्येक संकेतस्थळाने पाळलाच पाहिजे, ही मागणी आता वाचकांनी लावून धरायला हवी. सेटिंग कधीच न उघडणाऱ्यांचे नुकसान सर्वात मोठे आहे. म्हणून ज्याला हे जमते, त्याने आई-वडिलांच्या आणि मुलांच्या फोनमधले हे सेटिंगही, त्यांना नीट समजावून, बदलून द्यावे.