एक यादी, दोन नावं

गंगाखेडात पीककर्जाचे दिवस आले की सातबारा काढायला गर्दी होते. उतारा हातात पडला, की त्यावरची माहिती त्या दिवसापुरती पक्की. पुढे वारसाची नोंद झाली, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केला, की अभिलेख बदलतो. घडी घालून ठेवलेला कागद मात्र जुनाच राहतो. उलट गट नंबर टाकून महाभूलेखवर पाहिलं, तर अभिलेखात आज जे असेल ते दिसतं. कागद ही नक्कल, गट नंबर हा पत्ता. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांची फसगत नेमकी या दोहोंत होते, आणि बहुतेक वर्गांत हाच भाग घाईत उरकला जातो.

गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये जगापुढे आणलेली पायथन ही भाषा घेऊ. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत देवनागरी नावं चालतात, त्यामुळे या ओळी जशाच्या तशा चालवून पाहता येतील:

पिके = ['सोयाबीन', 'कापूस']
नक्कल = पिके
नक्कल += ['तूर']

आता 'पिके' छापा. तूर तिथेही आलेली असते! दुसऱ्या ओळीत नक्कल झालीच नव्हती. मेमरीत यादी एकच राहिली, तिला दुसरं नाव तेवढं मिळालं. तिसरी ओळ 'नक्कल = नक्कल + ['तूर']' अशी लिहिली, तर नवी यादी तयार होते, 'नक्कल' हे नाव तिच्याकडे जातं आणि 'पिके' शाबूत राहते. दोन्ही ओळी दिसायला जवळपास सारख्या, परिणाम मात्र वेगळा. आकडे आणि अक्षरमाला जागच्या जागी बदलताच येत नाहीत, म्हणून तिथे हा घोळ कधी दिसत नाही आणि मुलं गाफील राहतात.

भाषा असं का करते? लाखभर नोंदींची यादी एका फंक्शनकडून दुसऱ्याकडे देताना दर वेळी नक्कल काढली, तर वेळ आणि मेमरी दोन्ही वाया जातील. जावा आणि जावास्क्रिप्टमध्येही ऑब्जेक्टचा पत्ताच पुढे जातो.

खरी नक्कल हवी असेल तर 'पिके[:]' लिहायचं. पण यादीच्या आत याद्या असतील, तर बाहेरची तेवढी नवी होते. आतल्या सामाईकच राहतात. सातबाऱ्यावरही फेरफाराचा क्रमांकच असतो. जमीन कोणी कोणाला दिली हे पाहायला गाव नमुना सहा उघडावा लागतो. कितीही झेरॉक्स काढल्या, तरी तो क्रमांक त्याच एका नोंदवहीकडे नेतो. अशा उथळ नकलेला शॅलो कॉपी म्हणतात.

डीपकॉपी आतपर्यंत उतरते. कोणत्या वस्तूची नक्कल झाली याची ती नोंद ठेवते. नाहीतर एकमेकींकडे बोट दाखवणाऱ्या याद्यांमध्ये ती फिरतच राहिली असती. तरी जिथे तिथे डीपकॉपी वापरणं मला पटत नाही. दोन खातेदारांचा सामाईक गट दोन वेगळ्या डीपकॉप्यांत गेला, तर एकीतली दुरुस्ती दुसरीला कळत नाही.

सगळ्यात छळणारी चूक फंक्शनमधली. 'पिकं दिली नाहीत तर रिकामी यादी घे' असं फंक्शनच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, तर ती यादी फंक्शन तयार होताना एकदाच बनते. पहिल्या शेतकऱ्याचं सोयाबीन मग दुसऱ्याच्या नावावर चढतं. एरर येत नाही. हिशेब तेवढा चुकतो. यादी फंक्शनच्या आत, दर वेळी नव्याने करावी. शंका आलीच तर दोन नावांमध्ये 'इज' लावून पाहावं: '==' मजकूर सारखा आहे का ते सांगतं, 'इज' वस्तू एकच आहे का ते.