चित्रातील ‘निमित्त’: रविवर्म्याच्या शकुंतलेविषयी

चित्र दाखविते आणि शब्द सांगतो, असा भेद आपण वर्गात सहज करतो. परंतु ‘खोटे निमित्त’ ही गोष्ट दाखवावयाची कशी? शब्दाला ‘मिषाने’ हे एक पद पुरते. चित्राजवळ असे पद नसते. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांचे, पायातील काटा काढण्याच्या मिषाने मागे वळून पाहणाऱ्या शकुंतलेचे चित्र या प्रश्नाच्या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. मूळ चित्र तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्र कलादालनात असले, तरी मुद्रित प्रतींमुळे ते आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचे आहे.

‘अभिज्ञानशाकुंतला’त हा प्रसंग दोनदा येतो. पहिल्या अंकाच्या शेवटी शकुंतला दोन सबबी सांगते: पायाला दर्भ टोचला आणि वल्कल फांदीत अडकले. दुसऱ्या अंकात दुष्यंत हेच विदूषकाला सांगतो. मात्र तेथे वल्कल अडकलेले नसतानाही ती ते सोडवीत होती, हे तो स्पष्ट करतो. म्हणजे निमित्त खोटे असल्याची ग्वाही नाटकात प्रियकराच्या शब्दांतून मिळते. वळलेल्या मुखाचा उल्लेखही तेथे वल्कलाच्या सबबीबरोबर येतो, पायाच्या नव्हे.

चित्रकाराने पाय पहिल्या सबबीतून घेतला आणि वळलेले मुख दुसरीतून. माझ्या मते चित्राचे सारे मर्म या निवडीत आहे. वल्कल मागच्या फांदीत अडकलेले दाखविले असते, तर हात आणि दृष्टी दोन्ही मागेच गेली असती. सबब व सत्य एकाच दिशेला राहून एकमेकांत मिसळली असती. येथे हात खाली पायाकडे आहे, डोळे मात्र मागे, दूरवर. काटा खरोखरच सलत असेल, तर माणूस पायाकडे पाहतो, हा आपला नित्याचा अनुभव. कृती आणि दृष्टी यांच्या या फारकतीतून ‘मिषाने’ हा अर्थ सिद्ध होतो. पायात काटा आहे की नाही, हा प्रश्नच मग गौण ठरतो.

हे पडताळण्यासाठी विद्यार्थ्यांनी एकेक घटक मनातल्या मनात पालटून पाहावा. दृष्टी पायाकडे वळवा: केवळ काटा रुतलेली वनकन्या उरते. पाय जमिनीवर टेकवा: वाट पाहणारी कोणतीही विरहिणी. सखीच्या खांद्यावरचा हात काढा: तोल सुटतो आणि मुख्य म्हणजे ज्यांच्यापासून लपवावयाचे, त्या सख्यांशी असलेले तिचे नाते तुटते.

दुष्यंत चित्रात नाही. त्याला कडेला उभा केला असता, तर दृष्टीला उत्तर मिळून ती तेथेच थांबली असती. शकुंतला आपल्याकडेही पाहत नाही. त्यामुळे प्रेक्षक दुष्यंताच्या जागी बसत नाही, तो तिऱ्हाईत साक्षी होतो. नाटकात राजाच्या शब्दावर विसंबावे लागते, येथे चोरी आपणच पकडतो. (काव्यशास्त्रातील व्याजोक्ती प्रकट झालेले लपविते, येथे लपविण्याची कृतीच प्रकट करते.)

अर्थात चित्राची धाव येथवरच. कथा ठाऊक नसलेल्यालाही ही स्त्री काही मिषाने कोणाकडे तरी पाहते आहे, एवढे कळेल. तो कोण, हे मात्र कळणार नाही. दुष्यंताचे नाव शीर्षक आणि परंपरा पुरविते. रोलां बार्थ यांनी १९६४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, प्रतिमेच्या अनेक संभाव्य अर्थांपैकी एक अर्थ शब्द स्थिर करतो, असे म्हटले आहे. या चित्रात शब्द व्यक्ती स्थिर करतो. मिष मात्र त्याच्या आधीच, मान आणि हात यांच्यामधल्या अंतरात, पूर्ण झालेले असते.