गाडीला शेपूट हवंच का?

टो बार लावायचाय? आधी वजन बघा, मग लुक!

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. एखादी तरी एसयूव्ही अशी दिसेलच, जिच्या मागच्या बंपरखालून जाडजूड लोखंडी बार बाहेर आलाय आणि टोकाला चकचकीत गोळा आहे. मालकाला विचारा, ‘याने ओढतोस काय रे?’ बऱ्याचदा उत्तर येतं, ‘ओढत काही नाही यार, पण लुक बघ ना!’

लुकचं ठीक आहे. पण टो बार म्हणजे सीट कव्हर किंवा स्पॉयलर नाही. तो गाडीच्या सांगाड्याला बोल्टने कसला जातो, वजन पेलतो आणि मागून धक्का बसला की तो थेट सांगाड्यापर्यंत पोचवतो. त्यामुळे शेपूट लावण्याआधी थोडा होमवर्क मस्ट!

ओढायचंय काय?

पहिला प्रश्न हाच. वीकेंडला दोन सायकली घेऊन मुळशीला जायचंय? कयाक न्यायचीय? की छोटा ट्रेलर जोडून कॅम्पिंगला? महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून या शेवटच्या स्वप्नालाही पंख फुटलेत. पण वर्षातून चार वेळा दोन सायकली न्यायच्या असतील, तर डिकीच्या दारावर पट्ट्यांनी बांधायचा ट्रंक रॅक किंवा टपावरचा रॅक पुरतो. गाडीला कायमचं काही जोडावं लागत नाही. आठवड्याला दोन-तीन जड सायकली न्यायच्या असतील किंवा खरोखरच ट्रेलर ओढायचा असेल, तरच टो बारचा विचार करा.

आणि हो, गाडीच्या टूलकिटमध्ये एक लोखंडी कडी असते ना, बंपरवरचं छोटं झाकण काढून फिरवून बसवायची? तिचा टो बारशी काही संबंध नाही. बंद पडलेली गाडी हळूहळू ओढून न्यायला ती दिलेली असते. तिला ट्रेलर किंवा रॅक जोडायचा विचारसुद्धा करू नका.

बंपरच्या मागे काय दडलंय?

बाहेरून दिसतो तो बंपर प्लॅस्टिकचा. त्यामागे स्टीलची बीम असते आणि तिच्या दोन्ही टोकांना सांगाड्याचे लांब रेल. खरा टो बार या रेलना बसतो, कंपनीने ठरवून दिलेल्या जागीच. बोलेरो किंवा स्कॉर्पिओ-एनसारख्या गाड्यांना खाली वेगळी लॅडर फ्रेम असते, त्यामुळे बार बसवायला भक्कम आधार मिळतो. क्रेटासारख्या मोनोकॉक गाडीत बॉडी आणि सांगाडा एकच. तिथे चुकीच्या जागी ड्रिल मारलं किंवा वेल्डिंग केलं, तर तुम्ही गाडीची ताकदच कमी करताय. ‘साहेब, अर्ध्या तासात वेल्ड करून देतो’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार!

आकड्यांचा फंडा

बार निवडताना दोन आकडे महत्त्वाचे. पहिला, गाडी किती वजन ओढू शकते. दुसरा, गोळ्यावर वरून किती भार चालतो. हे आकडे ओनर्स मॅन्युअलमध्ये शोधा. आपल्याकडच्या अनेक फॅमिली गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ते नसतात, काहींमध्ये तर ‘ट्रेलर ओढू नका’ असं सरळ लिहिलेलं असतं. तसं असेल तर विषय संपला. इंजिन कितीही दमदार असो, ब्रेक, क्लच आणि सस्पेन्शन त्या कामासाठी तयार केलेले नाहीत, असा त्याचा अर्थ.

चांगल्या बारवर एक छोटी प्लेट असते. संयुक्त राष्ट्रांच्या ‘आर ५५’ या नियमानुसार मंजूर झालेल्या बारवर ‘डी’ आणि ‘एस’ असे आकडे कोरलेले असतात. ‘डी’ ओढण्याच्या जोराचा, ‘एस’ गोळ्यावरच्या भाराचा. गाडीचा आकडा आणि बारचा आकडा यांतला जो लहान, तीच तुमची मर्यादा.

एक हिशेब करून बघू. समजा, गोळ्यावर ७५ किलो चालतात. रॅक १८ किलोचा आणि १५ किलोच्या दोन सायकली, म्हणजे ४८ किलो. आरामात बसतं. पण २५ किलोच्या तीन ई-सायकली चढवल्या की ९३ किलो. आऊट! त्यात रॅकवरचं वजन गोळ्याच्याही मागे लटकत असतं, म्हणून रॅक बनवणाऱ्याने दिलेली मर्यादाही तपासा. मागे जास्त भार आला की गाडीचं नाक वर उचललं जातं, स्टिअरिंग हलकं होतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

ट्रेलर असेल, तर जड सामान त्याच्या चाकांच्या वर आणि किंचित पुढे ठेवा. मागे ठेवलंत, तर वेगात ट्रेलर सापासारखा डुलायला लागतो. असं झालं तर जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरा आणि ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढा.

वायरिंगची भानगड

ट्रेलरला किंवा नंबरप्लेट झाकणाऱ्या रॅकला स्वतःचे दिवे लागतात: इंडिकेटर, ब्रेक लाइट, टेल लॅम्प. पूर्वी मागच्या दिव्याची वायर सोलून जोड दिला की काम व्हायचं. आजच्या गाड्यांमध्ये दिव्यांवर कॉम्प्युटरची नजर असते. जास्तीचा बल्ब जोडला की डॅशबोर्डवर एरर येते, नाहीतर महागडं मॉड्युलच उडतं. म्हणून स्वतंत्र फ्यूज असलेला बायपास रिले किंवा त्या मॉडेलसाठीच बनवलेलं वायरिंग किट घ्या. वायर कापण्याआधी वॉरंटीचं काय होणार, ते सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार, परवानगी नसलेले पार्ट बसवून गाडीत बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. समोरच्या बुल बारवर कारवाई करा, असं पत्र केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच पाठवलं होतं. म्हणून शेपटाच्या बाबतीतही ‘सगळेच लावतात’ यावर विसंबू नका. आधी कंपनीची ॲक्सेसरी मिळते का बघा, मग आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला कळवा.

आणखी एक गंमत: कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही ‘मोटार वाहन’च आहे. म्हणजे त्याचं वेगळं रजिस्ट्रेशन आलंच.

गुडघे कुणाचे?

सिग्नलला आपल्या गाडीला चिकटून कोण उभं असतं? बाइकवाला, स्कूटीवरची कॉलेजची मुलगी, दोन गाड्यांमधून वाट काढणारे आजोबा. बाहेर आलेला गोळा नेमका त्यांच्या नडगी-गुडघ्याच्या उंचीवर असतो. शिवाय पार्किंगमध्ये मागून हलका धक्का बसला, तरी तो प्लॅस्टिकने झेलण्याऐवजी थेट रेलवर जातो. यावर उपाय म्हणजे डिटॅचेबल बार. काम झालं की गोळ्याची मान काढायची आणि डिकीत टाकायची. तुमच्या मॉडेलसाठी मिळत असेल, तर थोडे जास्त पैसे गेले तरी हाच घ्या. रिव्हर्स सेन्सरही विनाकारण बोंबलत नाहीत.

गॅरेजमध्ये हे विचाराच

० बार माझ्याच मॉडेलचा आहे का? प्लेट दाखवा.
० कंपनीने दिलेल्या छिद्रांत बसणार की नवं ड्रिल करणार?
० बोल्ट टॉर्क रेंचने कसणार का? थोडं चालवून झाल्यावर पुन्हा तपासून देणार का?
० ड्रिल केलं तर गंजरोधक लावणार का?
० रॅक लावल्यावर नंबरप्लेट आणि दिवे दिसतील ना?

पाचही उत्तरं पटली, कागदपत्रं हातात आली, तर बिनधास्त लावा. एकाही उत्तरात ‘चलता है’ ऐकू आलं, तर ट्रंक रॅक घ्या आणि सायकली काढा. मुळशीला पोचल्यावर गाडीला शेपूट होतं की नव्हतं, कोण विचारतंय?