‘हॅड’ जुन्या गोष्टींसाठी नसतं

इंग्रजी बोलताना मराठी माणूस भूतकाळात अडखळतो, तो बहुधा ‘होतो’पाशी. ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ हे आपलं अगदी शुद्ध, रोजचं वाक्य. ते तसंच उचलून ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे’ म्हटलं, की इंग्रजी कानाला गोष्ट अर्धवट वाटते. गेला होतात, मग पुढे काय झालं? तिथे साधं ‘आय वेन्ट’ पुरतं.

मुळाशी समज असा, की गोष्ट जुनी झाली की ‘हॅड’ लावायचं. खरं तर जुनेपणाशी ‘हॅड’चा काही संबंध नाही. शिवराज्याभिषेक 1674 साली झाला. साडेतीनशे वर्षं उलटली, तरी इंग्रजीत ‘शिवाजी वॉज क्राउन्ड इन 1674’ एवढंच म्हणायचं. उलट आज सकाळी तुम्ही धावत स्टेशनवर पोहोचलात आणि लोकल दोन मिनिटांपूर्वीच सुटली होती, तर ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’ म्हणायलाच हवं. इथे घटना दोन आहेत. गाडी आधी सुटली, तुम्ही नंतर पोहोचलात. ‘हॅड’ आधीच्या घटनेला लागतं. ‘द ट्रेन लेफ्ट’ म्हणालात, तर तुम्ही पोहोचलात आणि मग गाडी सुटली असा अर्थ होईल, म्हणजे ती तुम्हाला मिळालीही असती! नंतरची घटना वाक्यात किंवा मागच्यापुढच्या बोलण्यात कुठेच नसेल, तर ‘हॅड’ला आधार उरत नाही. ‘आफ्टर’ किंवा ‘बिफोर’ने क्रम स्पष्ट झालाच असेल, तर मात्र ते गाळलं तरी बिघडत नाही.

‘पूर्ण वर्तमानकाळ’ या नावानेही बराच घोटाळा केला आहे. पूर्ण म्हणजे काम संपलेलं, असं मुलं धरून चालतात. पण ‘आय हॅव लिव्ह्ड इन नाशिक सिन्स 2010’ म्हणणारा माणूस आजही नाशिकलाच राहतो. मराठीत आपण इथे सरळ वर्तमानकाळ वापरतो, ‘2010पासून राहतो’ म्हणतो, म्हणून ‘आय एम लिव्हिंग सिन्स 2010’ तोंडात येतं. आपल्या ‘पासून’चीही एक गंमत आहे. ते ‘2010पासून’ला चालतं आणि ‘दहा वर्षांपासून’लाही. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायला ‘सिन्स’, मुदत सांगायला ‘फॉर’.

या काळाच्या नावातला खरा महत्त्वाचा शब्द ‘वर्तमान’ आहे. ‘हॅव’ घटनेला आजशी बांधून ठेवतं. म्हणून ‘यस्टरडे’, ‘लास्ट इयर’, ‘इन 1995’ असे संपलेल्या वेळेचे शब्द आले की ‘हॅव’ बसत नाही. ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ चूक, ‘आय सॉ हिम यस्टरडे’ बरोबर.

माणसांच्या बाबतीत हे बंधन फार हळवं वाटतं. मराठीत आपण आजही ‘लताबाईंनी हजारो गाणी गायली आहेत’ म्हणतो आणि त्यात काही खटकत नाही. इंग्रजीत ‘लता मंगेशकर हॅज संग थाउजंड्स ऑफ साँग्ज’ हे वाक्य 6 फेब्रुवारी 2022पर्यंतच बरोबर होतं. त्या दिवसापासून ते ‘सँग’ झालं.