शाळेला गुण कोण देतं?

शाळा वर्षभर गुण वाटत असते. चाचणीचे, सहामाहीचे, तोंडी परीक्षेचे, अगदी हस्ताक्षराचेसुद्धा. पण खुद्द शाळेलाच गुण द्यायचे ठरवलं तर? खोल्या मोजता येतात, पट मोजता येतो, दहावीचा निकाल टक्क्यांत सांगता येतो. मात्र 'शाळा चांगली आहे हो!' असं जे आपण एसटीची वाट बघताना उभ्या उभ्या सांगून मोकळे होतो, ते 'चांगली' मोजायचं कशानं?

हिंगोली जिल्ह्यातली कुठलीही शाळा घ्या. तिला 11 आकडी यू-डायस क्रमांक असतो. सुरुवात 2716 अशी. 27 म्हणजे महाराष्ट्र, 16 म्हणजे हिंगोली. पुढचे दोन आकडे तालुक्याचे, त्यापुढचे तीन गावाचे किंवा वॉर्डाचे आणि शेवटचे दोन तिथल्या त्या एका शाळेचे. देशातल्या चौदा लाखांहून अधिक शाळांच्या गर्दीतून सेनगाव तालुक्याच्या टोकाची एक शाळा अकरा आकड्यांत नेमकी सापडते! पत्ता तर लागला. गुणवत्तेचा पत्ता कसा लावायचा?

हा प्रश्न या मातीला नवा नाही. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाणारं नर्सी हिंगोली तालुक्यातलंच. परंपरेनं सांगितलेली ती गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. संतमंडळी जमलेली, मुक्ताई कुंभार असलेल्या गोरोबाकाकांना म्हणते, काका, यातली पक्की मडकी कुठली आणि कच्ची कुठली ते जरा बघा. गोरोबा थापटणं उचलतात आणि एकेकाच्या डोक्यावर थोपटत जातात. बाकीचे शांत बसतात, नामदेव कुरकुरतात. निकाल लागतो: हे मडकं कच्चं! एवढ्यावर गोष्ट संपली असती, तर ती नुसत्या पाणउताऱ्याची झाली असती. पण पुढे नामदेव औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे जातात आणि शिष्य होतात. आधी बाहेरच्या कुणीतरी वाजवून पाहायचं, मग कुणाच्या तरी सोबतीनं पक्कं व्हायचं. शाळांचे पुरस्कार आणि शाळांच्या भागीदाऱ्या यांचं सगळं शास्त्र या दोन पायऱ्यांत बसतं. ते कसं, ते पाहू.

पहिली पायरी वाटते तेवढी सोपी नाही. 1862 मध्ये इंग्लंडनं शाळा मोजायचा सरळसोट मार्ग काढला. तपासनीस येणार, मुलांचं वाचन, लेखन, गणित तपासणार आणि जितकी मुलं पास तितकं अनुदान शाळेला मिळणार. निकालावर पैसा! हीच पद्धत मुंबई इलाख्यातही आली आणि 'दिपोटी', म्हणजे शाळा तपासणारा डेप्युटी, येणार एवढ्या बातमीनं मास्तरांची झोप उडू लागली. झालं काय? इंग्लंडात मुलं वाचनाचं पुस्तक इतकं घोकून यायची, की पुस्तक उलटं धरूनही ती घडाघडा 'वाचत'! तपासनिसाच्या वहीत वाचन उत्तम, मुलाच्या डोक्यात वाचन शून्य. फूटपट्टी लावताच मोजायची वस्तूच आकार बदलते, हा केवढा मोठा धडा! ही पद्धत मोडीत निघायला 1890 चं दशक उजाडावं लागलं.

मग मोजणी अशी करता येईल का, की जी घोकून फसवता येणार नाही? नोव्हेंबर 2015 मध्ये देशात सुरू झालेल्या 'शाळासिद्धी' या शाळा-मूल्यमापनाच्या कार्यक्रमात त्याचं एक फार हुशार उत्तर आहे. यात शाळेची सात क्षेत्रं आणि 46 मानकं आहेत. त्यातलं पहिलंच क्षेत्र शाळेच्या साधनांचं: वर्गखोल्या, मैदान, ग्रंथालय, प्रयोगशाळा, पिण्याचं पाणी, हात धुण्याची सोय, स्वच्छतागृह अशी 12 मानकं. गंमत म्हणजे यातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल प्रश्न दोनदा येतो. एकदा विचारतात, आहे का आणि पुरेसं आहे का? पुन्हा विचारतात, चांगलं आहे का आणि वापरात आहे का?

या दुसऱ्या प्रश्नाची करामत बघा. माध्यमिक शाळेची प्रयोगशाळा डोळ्यांसमोर आणा. काचेच्या कपाटात परीक्षानळ्या ओळीनं मांडलेल्या, स्पिरिटचे दिवे नवेकोरे, सूक्ष्मदर्शकावर प्लॅस्टिकची पिशवी तशीच. पहिल्या प्रश्नाला पैकीच्या पैकी! दुसऱ्या प्रश्नाला हेच कपाट नापास. उलट जिथं नळीच्या बुडाला काजळी धरली आहे, लिटमसचा डबा अर्धा रिकामा आहे आणि टेबलावर आम्लाचे डाग आहेत, ती प्रयोगशाळा दुसऱ्या प्रश्नात बाजी मारते. डाग हा इथे पुरावा ठरतो. उलटं पुस्तक वाचून दाखवता येतं, पण वर्षभराचे डाग एका रात्रीत आणायचे कुठून?

याहून मोठं नवल म्हणजे पहिला परीक्षक शाळा स्वतःच असते. मुख्याध्यापक आणि शिक्षक एकत्र बसून प्रत्येक मानकावर आपण तीनपैकी कोणत्या पातळीवर आहोत ते ठरवतात, कुठली सुधारणा आधी हवी तेही लिहितात. बाहेरचे मूल्यमापक नंतर येतात. म्हणजे एकाच शाळेची दोन चित्रं तयार होतात. स्वतःला आपण दिसतो तसं एक, परक्याला दिसतं तसं दुसरं. ती जुळतात का? जिथं जुळत नाहीत, नेमक्या तिथंच काम करायचं असतं!

आता बक्षिसांकडे वळू. जानेवारी-फेब्रुवारी 2024 मध्ये राज्यात 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियानाचा पहिला टप्पा झाला. तालुक्यात पहिल्या आलेल्या शाळेला 3 लाख रुपये, राज्यात पहिल्या आलेल्या शाळेला 51 लाख! सरकारी गटातला राज्याचा पहिला क्रमांक गेला हिंगोलीला खेटून असलेल्या वाशीम जिल्ह्यात, साखरा गावच्या जिल्हा परिषद शाळेकडे. पण रकमेपेक्षा गुणांची विभागणी अधिक रंजक आहे. पहिल्या टप्प्यात 100 गुण होते: 60 विद्यार्थ्यांच्या उपक्रमांना, 40 शाळेच्या व्यवस्थापनाला. काही महिन्यांतच दुसरा टप्पा आला तो 150 गुणांचा: पायाभूत सुविधांना 33, शासनाच्या धोरणांच्या अंमलबजावणीला 74 आणि शैक्षणिक संपादणुकीला 43. शाळा तीच, मुलं तीच, फूटपट्टीवरच्या खुणा मात्र हलल्या. म्हणून कुठल्याही पुरस्काराचं नाव ऐकलं की आधी विचारावं, गुण कशाला होते? 'आयएसओ मानांकित' ही पाटी घ्या. मध्यंतरी गावोगावच्या शाळांच्या फाटकांवर ती झळकली. आयएसओ ही संस्था स्वतः एकही प्रमाणपत्र देत नाही, हे तुम्हाला माहीत होतं? ती फक्त मानकं लिहिते, प्रमाणपत्रं इतर संस्था देतात. आणि 9001 हे मानक बघतं कामाची पद्धत, नोंदी, शिस्त. सातवीच्या मुलाला अपूर्णांक आले का, हा प्रश्न त्या पाटीच्या कक्षेतच येत नाही.

म्हणजे एक फूटपट्टी कधीच पुरत नाही. हे पटवून घ्यायचं असेल, तर पुन्हा औंढ्याला जाऊ. विसोबांच्या त्याच औंढा नागनाथ तालुक्यात जगातल्या सर्वांत नाजूक मोजमापाचं यंत्र उभं राहायचं आहे: लायगो-इंडिया. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल 2023 मध्ये त्याला अंतिम मंजुरी दिली, खर्च सुमारे 2,600 कोटी रुपये. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा काटकोनात, त्यांतून धावणारा लेझर. दूर कुठं कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाश किंचित थरथरतं आणि भुजांची लांबी बदलते. किती? प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी!

इतकं तल्लख यंत्र असूनही शास्त्रज्ञ एकट्या यंत्रावर विश्वास ठेवत नाहीत. रस्त्यावरून ट्रक गेला तरी ते थरथरतं. मग अवकाशाची थरथर कुठली आणि ट्रकची कुठली? म्हणून अमेरिकेत हनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन अशी दोन यंत्रं एकमेकांपासून 3,000 किलोमीटरवर ठेवली. 14 सप्टेंबर 2015 रोजी लिव्हिंग्स्टनला एक थरथर जाणवली आणि सुमारे सात मिलिसेकंदांनंतर तीच थरथर हनफर्डला. दोघांची साक्ष जुळली, तेव्हा कुठं गुरुत्वीय लहर सापडली असं म्हणता आलं.

शास्त्रज्ञ स्वतःची तपासणीही किती कडक करतात पाहा. सप्टेंबर 2010 मध्ये मोजक्या लोकांनी यंत्रात गुपचूप एक खोटा संकेत सोडला. बाकीच्या शेकडो शास्त्रज्ञांनी तो शोधला, महिनोन्‌महिने पडताळला, शोधनिबंधही तयार केला. मार्च 2011 मध्ये लिफाफा उघडला, तेव्हा कळलं की ही परीक्षा होती! आणि ते ती पास झाले होते.

सर्वांत मोठी कमाल 17 ऑगस्ट 2017 ची. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर अमेरिकेतल्या दोन्ही यंत्रांना स्वच्छ ऐकू आली. इटलीतल्या व्हर्गो यंत्राला मात्र जेमतेम कुजबुज. मग व्हर्गो निरुपयोगी ठरलं? छे! प्रत्येक यंत्राला आकाशातल्या काही दिशा कमी दिसतात. व्हर्गोला जवळपास काही ऐकू आलं नाही, म्हणजे टक्कर त्याच्या न दिसणाऱ्या कोपऱ्याजवळ झाली असणार, असा हिशेब झाला. त्या सुगाव्यावर दुर्बिणी वळल्या आणि 11 तासांच्या आत ती जागा सापडलीसुद्धा. ज्या जोडीदाराला जवळपास काहीच दिसलं नाही, त्यानंच जागा पक्की करून दिली! औंढ्याचं यंत्र या मंडळीत सामील झालं की आकाशातल्या जागा आणखी नेमक्या सापडतील.

आता शाळांच्या भागीदारीकडे या दृष्टीनं पाहा. दुसरी शाळा आपल्याहून श्रेष्ठ असायची गरजच नाही, ती फक्त वेगळ्या जागी उभी असली पाहिजे. आठवीत आलेल्या मुलाला भागाकार जमत नाही, हे माध्यमिक शाळेच्या गणिताच्या सरांना पहिल्याच आठवड्यात कळतं. तिसरीत नेमकं काय निसटलं, हे प्राथमिकच्या बाईंना ठाऊक असतं. दोघं एका टेबलाशी बसेपर्यंत ही दोन अर्धी उत्तरं दोन गावांत पडून राहतात. कोठारी आयोगानं 1964-66 च्या सुमारास शाळा-संकुलाची कल्पना मांडली, ती यासाठीच. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ती पुन्हा पुढे आणली: मध्ये एक माध्यमिक शाळा, पाच ते दहा किलोमीटरच्या परिसरातल्या बाकी शाळा तिच्याशी जोडलेल्या. शिवाय एका सरकारी शाळेची एका खासगी शाळेशी जोडी, हीसुद्धा त्याच धोरणातली सूचना.

ही जोडी किती लांबची असू शकते? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा एकमेकांशी बिनसलेल्या देशांतल्या मुलांना पडद्यावर समोरासमोर बसवलं. डिसेंबर 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, 10 लाख डॉलरचं. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. मिळालेल्या पुरस्काराचीच भागीदारी!

आणि किती जवळची असू शकते? अगदी एकाच खोलीतली. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा बंद पडायच्या बेतात होती. तिनं 'विषयमित्र' ही रीत रुजवली: मुलंच एकमेकांना शिकवतात, ज्याला जे येतं तो त्या विषयाचा मित्र. 2025 मध्ये या शाळेनं जगातल्या उत्कृष्ट शाळांसाठीच्या पुरस्कारांमध्ये लोकांच्या मतांवर दिला जाणारा सन्मान जिंकला. दुसऱ्याला समजावताना आपल्याला काय कळलेलं नाही हे उघडं पडतं, हे तर आपण सगळ्यांनीच अनुभवलेलं आहे. विषयमित्र म्हणजे मुलानं मुलाची केलेली शाळासिद्धी.

आणि हो, शाळासिद्धीच्या सातव्या क्षेत्राचं नाव सांगायचं राहिलंच: समाजाचा अर्थपूर्ण सहभाग. म्हणजे गाव शाळेशी कसं वागतं, याचेही गुण शाळेच्याच खात्यात! थापटणं फिरत फिरत शेवटी आपल्या डोक्यावर येतं ते असं.

तेव्हा पुढच्या पालकसभेला गेलात आणि मुख्याध्यापकांच्या कपाटात ढाली, सन्मानचिन्हं ओळीनं दिसली, तर जरूर कौतुक करा. मग दोनच गोष्टी विचारा. हे पारितोषिक मिळाल्यानंतर शाळा बघायला बाहेरून कोण आलं? आणि आपले शिक्षक दुसऱ्या कुठल्या शाळेत जाऊन बसून आले? उत्तरं ऐकून तुम्हीच गुण द्या. त्यासाठी कुठल्याही पोर्टलवर लॉग-इन करावं लागत नाही.