हिवाळ्यातली नवी मुंबई आणि पाऊणपटीचा हिशेब

मुंबईकडे थंडी पडते तरी का, असं पुण्या-नाशिकची पाहुणेमंडळी आम्हांला हसत विचारतात. पडते, बेताची पडते. डिसेंबर ते फेब्रुवारी पहाटे एखादी शाल पुरते. मग दुसरा प्रश्न येतो : नवी मुंबईत पाहायचं काय? मी म्हणतो, खाडी पाहा. पण घड्याळ घरी ठेवा आणि तिथी विचारून निघा.

सिडको १९७० साली स्थापन झाली आणि ठाणे खाडीच्या पूर्वेला शेतं, मिठागरं आणि आगरी-कोळ्यांची गावं यांच्यामध्ये हे शहर उभं राहिलं. शहर नवं असलं तरी खाडीचा दिनक्रम जुनाच आहे. तो चंद्रावर चालतो. किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ तोंडी काढतात : तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. दुपारी तशी पहाटे. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. माझ्या घरात भिंतीवर पंचांगाची दिनदर्शिका आहे आणि ईद-रमजानसाठी चांदाच्या तारखाही मोजल्या जातात. दोन्हींत एखाद-दुसऱ्या दिवसाचा फरक पडतो. भरतीला दोन्ही चालतात. चंद्र एकच आहे.

हा हिशेब पाहुण्यांच्या कामाचा आहे, कारण इथले हिवाळी पाहुणे, म्हणजे फ्लेमिंगो, त्यावरच वागतात. मराठीत त्यांना रोहित म्हणतात. अग्निपंख हेही नाव आहे आणि ते मला अधिक आवडतं. गुजरातेतून, कच्छच्या बाजूने, हे पक्षी नोव्हेंबरपासून येऊ लागतात. खरी गर्दी जानेवारीनंतर होते आणि पावसाआधी ते परततात. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो. त्यातलं सूक्ष्म शेवाळ आणि बारीक जीव हे त्यांचं अन्न. मान खाली घालून, चोच उलटी धरून ते पाणी गाळत चालतात. पिलं राखी असतात. पंखांना गुलाबी रंग याच अन्नातून चढतो.

अष्टमीच्या सुमारास दुपारी ओहोटी असते. त्या वेळी मानखुर्दहून वाशीकडे येताना लोकलच्या खिडकीतूनही हा उघडा चिखल दिसतो. ऐरोलीला वनविभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून हंगामात बोटी सुटतात. त्यांची वेळ भरतीप्रमाणे रोज बदलते, म्हणून आधी नोंदणी करावी. खाडीचा हा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला.

पौर्णिमा-अमावास्येला मात्र भरदुपारी भरती असते. चिखल बुडतो, पाणी पायांना खोल होतं. मग थवे उठतात आणि नेरूळ-सीवूड्सच्या उथळ पाणथळींवर येऊन विसावतात. डीपीएस तलाव त्यांतलाच, सुमारे ३० एकरांचा. अशा दिवशी अकराच्या सुमारास तिथे काठावर उभं राहावं. दुर्बीण असली तर बरं, नसली तरी चालतं. आवाज करू नये, दगड मारून थवा उडवू नये. तो खेळायला आलेला नाही. वाट पाहतो आहे, ओहोटीची.

आणि मुद्दा इथेच आहे. अभयारण्य खाडीला मिळालं. पण पक्ष्यांचा अर्धा दिवस अभयारण्याबाहेर जातो. माणसाला शेत दिलं आणि घर मोडलं, तर तो गावात किती दिवस राहील? या तलावात खाडीचं पाणी येण्याच्या वाटा बुजल्या, तलाव आटला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे फ्लेमिंगो मरून पडलेले सापडले. नागरिक बोलत राहिले. २०२५ मध्ये हा तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करण्याचा निर्णय राज्य पातळीवर झाला. पण कागदावरच्या राखीव क्षेत्रात पक्षी उतरत नाही, पाण्यात उतरतो. त्या वाटा मोकळ्या राहिल्या तरच निर्णयाला अर्थ.

पक्षी पाहून झाले की बेलापूरला जावं. तिथे चार्ल्स कोरिया यांनी आखलेलं आर्टिस्ट्स व्हिलेज आहे : मोकळ्या अंगणांभोवती बसकी घरं, माणसाच्या मापाची. आणि पनवेल-उरणकडे कुणी ओळखीचं असेल, तर पोपटीचं आमंत्रण मिळवावं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, हवं तर अंडी किंवा कोंबडी. तोंड पाल्यानेच बंद करून मडकं उलटं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. तेल नाही, पाणी नाही. वालाला शेंगा असतात तोवरच हा बेत.

तेव्हा येण्याआधी आम्हांला हॉटेलचा पत्ता विचारू नका. त्या दिवशी तिथी कोणती, एवढं विचारा. बाकीचं चंद्र सांगेल.