लुगडे गेले, तोंबै राहिली

कुंभकोणमहून तिरुवारूरच्या रस्त्याला लागले की दहाएक किलोमीटरवर नाचियार्कोविल येते. मराठी प्रवासी इथे थांबतो तो समईसाठी. शेंड्यावर हंस असलेल्या इथल्या पितळी कुत्तुविळक्कूला भौगोलिक मानांकन आहे आणि या समया दुकानादुकानांत हारीने मांडलेल्या असतात. समई घेऊन झाली की देवळात दगडी गरुडाचे दर्शन. मार्गळी आणि पंगुनी या तमिळ महिन्यांतल्या उत्सवांत हा गरुड बाहेर निघतो. आधी त्याला चौघे उचलतात, मग आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट असे खांदेकरी वाढत वाढत १२८ वर जातात, अशी इथली परंपरा. मिरवणुकीत पहिला मान नाच्चियारचा, म्हणजे देवीचा. ती पुढे, पेरुमाळ म्हणजे विष्णू मागे.

दगडाबद्दल आणि पितळेबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते कापडाबद्दल. छत्र, चांदवा, दारावरची कापडी तोरणे, रथाला गुंडाळलेली तेरसीलै आणि रथाच्या कडेने लोंबणाऱ्या गोल, लांबट तोंबै हे सगळे काढून घेतले तर कावेरीखोऱ्यातला कोणताही उत्सव उघडाबोडका दिसेल. या कापडाच्या इतिहासात मराठी माणसांचा मोठा वाटा आहे आणि महाराष्ट्रात त्याची फारशी कुणाला खबर नाही. म्हणून हा आढावा.

व्यंकोजीराजे भोसले १६७६च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले आणि १८५५पर्यंत तिथे मराठ्यांचे राज्य राहिले. शेवटची पन्नासेक वर्षे नावापुरतीच. १७९९च्या तहाने सरफोजीराजांनी कारभार कंपनीकडे दिला आणि दरबार नेमणुकीवर चालू लागला. मात्र सत्ता गेली तरी मानपान गेले नव्हते. लग्नकार्ये, सणवार, सोयऱ्याधायऱ्यांचे आहेर सगळे राजाला साजेसेच होई, आणि त्यासाठी जे सर्वांत मोलाचे वस्त्र लागे ते कोळ्ळिडम नदीच्या उत्तरेला उडैयार्पाळैयम भागातल्या कोडाली करुप्पूर या खेड्यात तयार होई.

करुप्पूरचे लुगडे म्हणजे माग आणि कलम यांची जोडी. आधी विणकर सुती कापडात जरीची बुट्टी विणून घेई. जरीचा बाणा कापडभर न नेता बुट्टीपुरताच आत घ्यायचा, सुटा सुटा, जामदानीच्या रीतीने. कापड मागावरून उतरले की ते चितारणाऱ्याच्या हाती जाई. तो कलमाने काळी रेघ काढी, जिथे रंग नको तिथे मेण भरी आणि मग कापड लाल रंगात बुडे. जर रंग धरत नाही, पण तिच्या आजूबाजूचे आणि मधले सूत रंग पिते. त्यामुळे सोने पिवळेधमक न दिसता तांबूस, दबल्या तेजाचे दिसते. अंगावर घेतले आणि उजेडात हलले की ते चमकायचे. एरवी दुरून पाहणाऱ्याला ते नुसते विटकरी-तपकिरी सुती लुगडेच वाटावे. श्रीमंती ओरडून न सांगणारे इतके श्रीमंत वस्त्र मला दुसरे माहीत नाही. पैठणीचा पदर आपले मोल दुरूनच सांगतो, करुप्पूरचे लुगडे जवळ बोलावते.

नुसती लुगडीच नाहीत, पागोट्यांची कापडे आणि शेलेही असेच होत. बडोदा, कोल्हापूर अशा मराठा घराण्यांत ती आहेरातून पोहोचली, असे वस्त्रांचे अभ्यासक सांगतात. आज करुप्पूरची वस्त्रे पाहायची तर लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय, दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय, अहमदाबादचे कॅलिको संग्रहालय असे फिरावे लागते.

१८५५मध्ये तंजावरचे शिवाजीराजे पुत्राविना वारले. कंपनीने राज्य खालसा केले आणि खाजगी मालमत्तेवरही टाच आणली. राणी कामाक्षीबाईसाहेब न्यायालयात गेल्या. त्यांचा खटला थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८५९मध्ये, ही राज्यसत्तेची कृती असल्याने न्यायालयाला तिच्यात हात घालता येत नाही, असा निकाल लागला. कायद्याचे विद्यार्थी आजही हा खटला वाचतात. मला त्यात एक दुसरी गोष्ट दिसते. जामदारखान्याला कुलूप लागले आणि करुप्पूरचे गिऱ्हाईक गेले. विणकर, चितारी, रंगारी आणि जर पुरवणारा अशा चौघांच्या मेळाने होणारे काम एकाच दारावर अवलंबून होते. ते दार बंद झाल्यावर गिरणीच्या छापील कापडासमोर ते टिकणे शक्यच नव्हते. १९१७मध्ये हॅडवे यांनी मद्रास इलाख्यातल्या चितारलेल्या आणि छापलेल्या सुती कापडांवर पुस्तक काढले, तोवर दरबारी लुगड्यांचे दिवस सरले होते.

चितारणारा हात मात्र पुरता थांबला नाही. तो देवळाच्या कामात टिकला. कुंभकोणमजवळच्या सिक्कल्नायक्कन्पेट्टैत आणि करुप्पूरच्या परिसरात काही घरांनी कलमकारी चालू ठेवली. गिऱ्हाईक बदलले. राणीच्या लुगड्याऐवजी देवाचा चांदवा, दारावरचे तोरण, रथाची तोंबै. कापड हिरड्याच्या पाण्यात आणि दुधात भिजवून वाळवायचे, लोखंड आणि गूळ कुजवून काळा रंग करायचा, बांबूच्या टोकाला कापड किंवा लोकर गुंडाळून कलम करायचे, लाल रंग धरावा म्हणून तुरटी लावायची. कृती तीच जुनी. २०२१मध्ये ‘करुप्पूर कलमकारी’ला भौगोलिक मानांकन मिळाले. या यशाचे मला मनापासून कौतुक आहे, पण ते चित्राला मिळाले आहे, लुगड्याला नाही, हे विसरू नये. बाजारात आज ‘करुप्पूर साडी’ म्हणून जे मिळते त्यात बरेचदा नुसती छपाई असते. ते नमुने सुंदर असतील, पण मागावरची जर आणि मेणाचा रंग यांचा संगम जिथे नाही त्याला करुप्पूर म्हणू नये.

आता तोंबै. तंजावर-कुंभकोणम भागातली ही शिवणकला महाराष्ट्रात जवळजवळ अनोळखी आहे. तोंबै म्हणजे कापडाची पोकळ, उभी नळी. रथाच्या वा मंडपाच्या कोपऱ्यांना ती टांगतात. लाल कापडावर पिवळे, पांढरे, हिरवे, काळे तुकडे कातरून शिवलेले असतात. सिंह, मोर, याळी (एक काल्पनिक पशू), कमळ, देवदेवता. आकृती आधी कागदावर काढतात, तिच्यावरून तुकडे कातरतात, एकावर एक रचून कडा दुमडतात आणि मग टीप. पूर्वी सगळे हाताने होई, आता बहुतेक ठिकाणी मशीन आहे. लाल सुती कापडाच्या जागी साटीन आणि फेल्ट आले आहेत. याच घराण्यातल्या आणखी दोन गोष्टी म्हणजे दारांवरची तोरणे आणि अस्मानगिरी, म्हणजे वर ताणायचे छत. हा शब्द आपल्या जुन्या दरबारी कागदांतही सापडतो. मराठा राजांच्या आश्रयाने ही कला इथे फोफावली, असे तिच्या इतिहासात सांगितले जाते.

तोंबै जवळून पाहिली की तिची हुशारी लक्षात येते. ती हातभर अंतरावरून पाहायची वस्तू नाही. तिरुवारूरचा ‘आळी तेर’ हा रथ सजवून उभा केला की उंची ९६ फुटांच्या घरात जाते. त्या उंचीवर बारीक कशिदा कुणाला दिसणार? म्हणून आकृती मोठी, रंग सपाट आणि विरोधी, काळी-पांढरी किनार ठसठशीत. सिंहाच्या डोळ्यासाठी एक पांढरा गोल, त्यावर एक काळा गोल. तेवढ्याने दोनशे पावलांवरच्या माणसाकडे तो सिंह रोखून बघतो. शिवाय रथ हलतो, वारा असतो. नळी गोल असल्यामुळे ती फिरली तरी समोर चित्र येतेच. ही अक्कल पुस्तकात लिहिलेली नाही, शिवणाऱ्यांच्या हातात आहे.

आणि तिचे गिऱ्हाईक एक नाही, शेकडो आहेत. कावेरीखोऱ्यात देवळे किती! प्रत्येकाचा उत्सव पंचांगात ठरलेला. उन्हापावसात कापड विरते, फाटते, नवे करावेच लागते. करुप्पूरचे लुगडे संपले आणि तोंबै टिकली, त्याचे कारण माझ्या मते इतके साधे आहे. लुगडे राजाच्या मर्जीवर जगत होते, तोंबै गावाच्या कॅलेंडरवर जगते.

विणकरांची गोष्ट थोडी निराळी. कुंभकोणमजवळच्या तिरुभुवनम् इथले रेशीम सौराष्ट्र समाजाच्या विणकरांमुळे नावाजले. हे लोक मूळचे गुजरातेतले. देवगिरी, विजयनगर असा मुक्काम करीत ते दक्षिणेत आले अशी त्यांची परंपरा सांगते, आणि त्यांच्या भाषेत गुजराती-मराठीचे अंश आजही कानाला जाणवतात. १९५५मध्ये तिरुभुवनम्मध्ये विणकरांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २०१९मध्ये तिथल्या साडीला भौगोलिक मानांकन मिळाले. संस्था सूत देते, माल घेते, दुकान चालवते. एकट्या विणकराला जे जमले नसते ते संघटनेने जमवले. तमिळनाडूतल्या भावसार समाजाचेही इथे स्मरण करायला हवे. शिवणकाम आणि रंगकाम हा त्यांचा पिढीजात धंदा. घरात मराठीची बोली, देव्हाऱ्यात हिंगुलांबिका आणि विठ्ठल.

संघटनेचे बळ पाहायचे तर धर्मपुरी जिल्ह्यातल्या सिट्टिलिंगीला जावे. तिथल्या आदिवासी आरोग्य प्रकल्पाच्या डॉ. ललिता रेगी यांच्या प्रोत्साहनाने २००६च्या सुमारास लंबाडी बायकांचा ‘पोरगै’ हा गट सुरू झाला. लंबाडी म्हणजे आपल्याकडचे बंजारा. तिथे पारंपरिक टाके येणाऱ्या म्हाताऱ्या मोजक्याच उरल्या होत्या. तरुण बायका त्यांच्याजवळ बसून शिकल्या आणि शहरांतल्या गिऱ्हाइकांसाठी कपडे, पिशव्या, उशांचे अभ्रे भरू लागल्या. हाताशी घर, मूल, शेत सांभाळत केलेले हे काम आहे. मजुरीसाठी दूर जावे लागणाऱ्या बाईला गावात राहून चार पैसे मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. यवतमाळ-वाशीमच्या तांड्यांवरही हेच टाके आहेत, हेच आरसे, हीच कवड्यांची किनार. आपल्याकडे लग्नातल्या नाचापुरता तो पोशाख उरू नये, असे वाटते.

निलगिरीतल्या तोडा बायकांचे पुखूर भरतकाम २०१३मध्ये मानांकनात आले. पांढऱ्या जाड्याभरड्या कापडावर लाल-काळ्या दोऱ्याने, आखणी न करता, नुसते धागे मोजून ते भरतात. साखळी टाका, गहू टाका, काजटाका शाळेच्या शिवणवहीत शिकलेल्या माझ्या पिढीला आखणीशिवाय सुई उचलण्याची कल्पनाही नव्हती.

शासकीय आणि सांस्कृतिक संस्थांनी या सगळ्याला वेळोवेळी हात दिला. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी हस्तकलांसाठी देशभर उभी केलेली चळवळ, १९५६पासून सुरू झालेली विणकर सेवा केंद्रे, रुक्मिणीदेवींच्या ‘कलाक्षेत्र’ संस्थेतले विणकाम आणि कलमकारीचे विभाग, तमिळनाडू सरकारचे ‘पूम्पुहार’ हस्तकला महामंडळ, १९८६पासूनचे तंजावरचे दक्षिण क्षेत्र सांस्कृतिक केंद्र. करुप्पूरच्या जुन्या नमुन्यांवरून पुन्हा विणून पाहण्याचे प्रयत्नही झाले. पण प्रदर्शनात मांडायला एक नमुना करणे आणि घरटी चूल पेटवील इतके काम मिळणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर संस्था भरून काढू शकत नाहीत, गिऱ्हाईकच काढू शकते.

म्हणून महाराष्ट्रातल्या वाचकांकडे माझी तीन मागणी आहेत. पहिले अभ्यासकांकडे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दरबाराच्या मोडी कागदांचे रुमाल आहेत. त्यांतल्या जामदारखाना, आहेर, रंगारी आणि विणकरांच्या देण्याघेण्याच्या नोंदी कापडाच्या दृष्टीने कुणी नीट वाचाव्यात. मोडी शिकणारी तरुण मुले आज पुष्कळ आहेत. त्यांनी पत्रे आणि तहनामे यांच्या जोडीला कापडाचे हिशेबही हाती घ्यावेत.

दुसरे जुन्या घरांकडे. जुनी जर घेणारा दारात आला की आजीचे विरलेले लुगडे वजनावर मोडीत देण्याची आपली सवय आहे. त्या जरीतले सोने-चांदी वितळते आणि विणीची खूण कायमची जाते. तुमच्या पेटीत विटकरी-काळ्या रंगाचे, तांबूस जरीचे जुने सुती वस्त्र किंवा पागोट्याचा तुकडा असेल तर तो मोडू नका. पांढऱ्या मलमलीत गुंडाळून ठेवा, घडी दरवर्षी बदला आणि जवळच्या संग्रहालयाला दाखवा.

तिसरे गणेशोत्सव मंडळांकडे आणि पालखी सोहळ्यांकडे. २०१८पासून महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे आणि दरवर्षी ‘मग आता काय लावायचे’ हा प्रश्न येतो. तोंबै लावा, अस्मानगिरी ताणा, दाराला कापडी तोरण बांधा. तंजावर-कुंभकोणमच्या कारागिरांकडे ही सगळी कामे होतात. नीट घडी घालून ठेवली तर एक तोंबै कितीतरी गणपती पाहील. फक्त ऑगस्टमध्ये फोन करू नका. हाताचे काम आहे, त्यांचेही उत्सव आहेत. मागणी दिवाळीतच नोंदवा, निम्मे पैसे आगाऊ द्या.